लहान मुलांचा भूशास्त्र क्लब सुरू करताना: पहिल्या बैठकीपासून पहिल्या सहलीपर्यंत

भूशास्त्राचा क्लब काढावा असं मनात आलेले बहुतेक पालक आणि शिक्षक एकाच प्रश्नाशी अडतात: "मलाच खडकांची नावं येत नाहीत, मी मुलांना काय सांगणार?" पाच ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर असा क्लब चालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की नावं न येणं ही अडचणच नव्हे. ज्याला सगळी नावं येतात तो ती पटकन सांगून टाकतो, आणि नाव कळलं की मूल दगड खाली ठेवतं. दगड उलटसुलट करून बघणं, त्यावर ओरखडा पडतो का ते पाहणं, पाण्यात बुडवणं, दुसऱ्या दगडाशी ताडणं आणि मग त्याच्याबद्दल काहीतरी ठरवणं, हे भूशास्त्राचं मूळ काम आहे. ते सहा वर्षांच्या मुलालाही जमतं. नाव सगळ्यात शेवटी येऊ द्या. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच क्रमाने लावल्या आहेत.

१. वयोगट, संख्या आणि वेळ ठरवा

पाच वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एकाच टेबलावर बसू शकतं, पण दोघांना एकच काम देऊन चालत नाही. लहानांना वर्गवारी, चाळणं, धुणं आवडतं. आठच्या पुढच्या मुलांना मोजमाप आणि नोंदी आवडू लागतात. दोन्ही वयांची मुलं असतील तर जोड्या लावा: एक मोठं, एक लहान. चाचणी लहान मुलाने करायची, लिहायचं मोठ्याने.

सुरुवात आठ ते बारा मुलांनी करा. त्याहून जास्त झाली की भिंगासाठी रांग लागते आणि रांगेतलं मूल दगड फेकून बघतं. बैठक एका तासाची पुरे. दर पंधरवड्याला घेतली तर तुम्हालाही तयारीला वेळ मिळतो आणि मधल्या दिवसांत मुलं काहीतरी शोधून आणतात.

२. माणसं आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पहिल्या बैठकीच्या आधी उरकून टाका. सहलीच्या आदल्या रात्री संमतिपत्रांसाठी फोन करत बसणं कुणालाच परवडत नाही.

- प्रत्येक मुलासाठी पालकांचं लेखी संमतिपत्र. बैठकीचं वेगळं आणि प्रत्येक सहलीचं वेगळं.
- मुलाच्या आरोग्याची माहिती: ॲलर्जी, दमा, चालू औषधं. दमा असलेल्या मुलाला धुळीच्या कामापासून लांब ठेवावं लागतं, म्हणून हे आधी माहीत हवं.
- तातडीच्या वेळी लावायचे दोन फोन नंबर, आणि मुलाला घरी कोण नेणार त्या व्यक्तीचं नाव.
- फोटो काढायला पालकांची परवानगी. नसेल तर त्या मुलाचा फोटो काढायचा नाही, मागून किंवा लांबूनही नाही.
- जागेची परवानगी, तीही लेखी.
- हजेरीची वही.

मुलांबरोबर कुठल्याही वेळी किमान दोन मोठी माणसं असावीत. एकट्या मोठ्या माणसाने मुलांना घेऊन बसायचं नाही, हा नियम स्वतःलाही लावा. सहलीला दर चार मुलांमागे एक मोठं माणूस धरा. त्यातल्या एकाला तरी प्रथमोपचार येत असावेत.

३. साहित्य

- दहापट मोठं दाखवणारी छोटी भिंगं, दोन मुलांत एक
- लोखंडी खिळे, टोक बोथट केलेले
- तांब्याच्या तारेचे तुकडे
- चकाकी नसलेली पांढरी चिनीमातीची फरशी. साध्या फरशीची मागची खरखरीत बाजूही चालते.
- चुंबक, आणि एक छोटं चुंबक दोऱ्याला बांधलेलं
- व्हिनेगर आणि ड्रॉपर
- जुने टूथब्रश, पाण्याचे टब, फडकी
- झाकण असलेल्या, काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिक बरण्या
- संरक्षक चष्मे, प्रत्येकाला एक
- नोंदवही, पेन्सिली, पट्टी
- प्रथमोपचार पेटी

भिंग कसं धरायचं ते शिकवायला पहिल्या दिवशी पाच मिनिटं ठेवाच. मुलं भिंग दगडावर धरतात आणि लांबून बघतात, मग सगळं अंधूक दिसतं. भिंग डोळ्याजवळ, जवळजवळ गालाला टेकवून धरायचं आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणायचा. उजेड दगडावर पडला पाहिजे, डोक्याची सावली नव्हे. हे एकदा जमलं की मुठीतल्या वाळूत मुलाला लाल, हिरवट, काचेसारखे आणि काळे असे वेगवेगळे कण दिसतात आणि मग भिंग परत घेणं अवघड होतं.

४. सुरुवातीचा संच जमवा

विकत मिळणारे चकचकीत पॉलिश केलेले खडे घेऊन सुरुवात करू नका. त्यांचे सगळे पृष्ठभाग सारखे झालेले असतात, त्यामुळे भिंगाखाली बघण्यासारखं थोडंच उरतं. भडक गुलाबी किंवा गर्द निळे अकीक तर बहुधा रंगवलेले असतात. ओबडधोबड, ताजा तुटलेला तुकडा नेहमी चांगला.

संचात हे असावेत: गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, कॅल्साइट, जिप्सम, शंखजिरे, अभ्रक, हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, पायराइट. खडकांपैकी बेसाल्ट, ग्रॅनाइट, प्युमिस, वालुकाश्म, चुनखडक, संगमरवर, स्लेट आणि पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. प्रत्येकाचा मुलाच्या मुठीत मावेल एवढा तुकडा पुरतो. निवड करताना मी एकच गोष्ट बघतो: या दगडाला विचारलेल्या निदान एका प्रश्नाचं उत्तर मुलाला स्वतःच्या हाताने मिळेल का? प्युमिस पाण्यावर तरंगतो, मॅग्नेटाइट चुंबक ओढतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, जिप्समवर नखाने ओरखडा पडतो.

काही खनिजं मात्र मुलांच्या टेबलावर येताच कामा नयेत. गॅलेना दिसायला सुंदर आणि हाताला जड असतं, पण त्यात शिसं असतं. सिनाबारमध्ये पारा असतो, हरताळ आणि मनशिळ यांच्यात आर्सेनिक. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जातात. कुणी जुना संग्रह भेट दिला तर तो मुलांसमोर उघडण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या. मोरचुदाचे निळे स्फटिक वाढवण्याचा प्रयोगही मी लहान मुलांसाठी वगळतो, कारण मोरचूद विषारी आहे.

दोन नियम पहिल्याच दिवशी सांगायचे: दगड तोंडात घालायचा नाही, आणि बैठक संपली की साबणाने हात धुवायचे. खारट चव बघून मीठखडक ओळखता येतो हे खरं असलं तरी ते या वयात सांगू नये.

५. पहिली बैठक: एकही नाव घेऊ नका

एकसारखे दिसणारे दगड आणा, मुलांच्या संख्येपेक्षा चार-पाच जास्त. प्रत्येकाने एक उचलायचा आणि तीन मिनिटं फक्त बघायचा. खाचा, डाग, कुठे गुळगुळीत, कुठे खडबडीत. मग सगळे दगड एका टोपलीत टाकून मिसळायचे आणि आपापला शोधायचा. बहुतेकांना आपला दगड सापडतो. सापडला की विचारा: "हाच तुझा कशावरून?" मूल म्हणतं, "याला इथे पांढरी रेघ आहे, आणि ती वळून मागे जाते." हे त्याचं पहिलं निरीक्षण. ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा, सुधारून देऊ नका.

नंतर सगळ्या दगडांची वर्गवारी करायला सांगा, पण कशावरून ते सांगू नका. रंगावरून करतील, आकारावरून करतील. एखादं मूल "कण दिसणारे" आणि "कण न दिसणारे" असे दोन ढीग करतं. असं झालं तर तिथे थांबा आणि सगळ्यांना ते ढीग भिंगातून दाखवा. अग्निजन्य खडक ओळखताना भूशास्त्रज्ञही पहिल्यांदा हेच बघतात.

६. चाचण्या: दगडाला प्रश्न कसे विचारायचे

तीन-चार बैठका यावर सहज जातात आणि जाऊ द्याव्यात. एका बैठकीत एकच चाचणी घ्या.

*कठिणपणा.* जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड मांडली: शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. वरच्या पायरीवरचं खनिज खालच्यावर ओरखडा पाडतं. मुलांना ही यादी पाठ करायला लावू नका. त्यांच्याकडे तीन हत्यारं आहेत: नख साधारण २.५, तांब्याची तार सुमारे ३, खिळा ५ ते ५.५. नखाने ओरखडा पडला की नाही, तारेने, खिळ्याने, अशा तीन प्रश्नांत दगड चार गटांत विभागला जातो.

इथे एक जागा आहे जिथे जवळजवळ प्रत्येक मूल फसतं, आणि तीच मला सगळ्यात जास्त आवडते. गारगोटीवर खिळा जोरात ओढला की करडी चकचकीत रेघ उमटते. मूल ओरडतं, "पडला ओरखडा!" तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं: "भिंगातून बघ, आणि नखाचं टोक रेघेवरून आडवं फिरव." नख अडखळत नाही, कारण खाच पडलेलीच नाही. मग खिळ्याचं टोक बघायला सांगा: ते घासलं गेलेलं असतं. ओरखडा दगडाने खिळ्यावर पाडला आणि खिळ्याचं लोखंड आपल्या अंगावर घेतलं. उत्तर सांगू नका. मूल रेघेकडे आणि खिळ्याकडे आळीपाळीने बघत राहतं आणि थोड्या वेळाने स्वतःच सांगतं.

ही चाचणी ताज्या तुटलेल्या बाजूवर करा. ऊनपावसाने कुजलेली वरची साल मऊ झालेली असते आणि उत्तर चुकतं. शिवाय कठिणपणा हा खनिजाचा गुण आहे. ग्रॅनाइट हा अनेक खनिजांचा खडक, त्यामुळे त्यात अभ्रकावर ओरखडा पडेल आणि शेजारच्या क्वार्ट्झच्या कणावर पडणार नाही. "या ग्रॅनाइटचा कठिणपणा किती?" असा प्रश्न कुणी विचारला तर "कुठल्या कणाचा?" असं उलट विचारा.

*रेघेचा रंग.* चिनीमातीच्या खरखरीत फरशीवर दगड घासला की त्याची भुकटी रेघ सोडते. हेमॅटाइटचा काळपट किंवा चंदेरी तुकडाही लालसर तपकिरी रेघ काढतो. सोन्यासारखा पिवळा चमकणारा पायराइट हिरवट काळी रेघ काढतो. खऱ्या सोन्याची रेघ पिवळीच असते. ही चाचणी मुलांना जादूसारखी वाटते, म्हणून कारण लगेच सांगा: दगडाचा वरचा रंग चकाकीने, कणांच्या आकाराने आणि गंजाने बदलतो, भुकटीचा रंग फारसा बदलत नाही. क्वार्ट्झ मात्र फरशीइतकाच किंवा जास्त कठीण असतो, त्यामुळे तो फरशीच खरवडतो आणि दिसणारी पांढरी भुकटी फरशीची असते.

*चुंबक.* मॅग्नेटाइट थेट चिकटतो. दोऱ्याला टांगलेलं छोटं चुंबक पुष्कळ बेसाल्टांजवळ नेलं की जरासं कलतं, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. वारा नसलेल्या खोलीत करा.

*व्हिनेगर.* चुनखडक, संगमरवर, शिंपले, अंड्याचं कवच या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं. व्हिनेगरचा थेंब पडला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. व्हिनेगर सौम्य असल्यामुळे बुडबुडे बारीक असतात. ते भिंगातून बघा, आणि आधी खिळ्याने खरवडून थोडी भुकटी करून घ्या म्हणजे ठळक दिसतात. भूशास्त्रज्ञ यासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. लहान मुलांच्या क्लबात ते आणू नका. आणि फळ्यावरच्या खडूवर हा प्रयोग करून दाखवायचा बेत असेल तर आधी एकट्याने करून बघा. हल्ली बरेच खडू जिप्समचे असतात, त्यांना बुडबुडे येत नाहीत.

*वजन.* सारख्या आकाराचे दोन दगड दोन हातांत. पायराइट आणि गारगोटी दिल्या तर डोळे मिटूनही फरक कळतो: क्वार्ट्झ पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, पायराइट सुमारे ५ पट. आठ वर्षांपुढच्या मुलांना तराजू आणि खुणांची बरणी द्या. दगडाचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, मग तो पाण्यात सोडून पाणी किती मिलिलिटर चढलं ते बघायचं आणि भागाकार करायचा. गणित नावडणारी मुलंही हा भागाकार चुकू नये म्हणून दोनदा करतात.

७. पुढच्या बैठकांसाठी काही प्रयोग

तुरटी. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवा. गरम पाण्याचं काम मोठ्यांचं. द्रावण दोन बरण्यांत ओता. एक बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा, दुसरी फडक्याने झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत अजिबात हलवू नका. पहिल्या बरणीत बारीक रवाळ साका बसतो, दुसरीत सपाट पैलूंचे मोठे स्फटिक. आता बेसाल्ट आणि ग्रॅनाइट शेजारी ठेवा. लाव्हा जमिनीवर पटकन निवतो म्हणून बेसाल्टचे कण डोळ्याला दिसतही नाहीत; ग्रॅनाइट खोलवर सावकाश निवला म्हणून त्याचे कण मोठे. तुरटी द्रावणातून येते आणि खडक वितळलेल्या रसातून, हा फरक सांगा, पण वेळ मिळाला की स्फटिक मोठा होतो हे दोन्हीकडे खरं आहे.

गाळाची बरणी. पारदर्शक बरणीत वाळू, माती, बारीक खडे आणि पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. खडे आणि वाळू लगेच बसतात, बारीक गाळाला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मग विचारा, सगळ्यात आधी कोणता थर बसला? खालचा. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये थरांच्या खडकांबद्दल हाच नियम मांडला: थर उलथेपालथे झाले नसतील तर खालचा जुना, वरचा नवा.

काळाची दोरी. मैदानावर ४५ मीटर ४० सेंटिमीटर दोरी ताणा. १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. एक टोक पृथ्वीचा जन्म, ४५४ कोटी वर्षांपूर्वी. दुसरं टोक आज. आजच्या टोकापासून मागे मोजत खुणा करा: ३५ मीटरवर सूक्ष्मजीवांचे जुने पुरावे, ५ मीटर ४० सेंटिमीटरवर कवच असलेले प्राणी ठळकपणे दिसू लागतात, २ मीटर ३० सेंटिमीटरच्या आसपास पहिले डायनोसॉर, ६६ सेंटिमीटरवर त्यांचा अंत. आपण, म्हणजे आजचा माणूस, शेवटच्या ३ मिलिमीटरात. मुलांना जन्माच्या टोकापासून चालायला लावा आणि "डायनोसॉर आला का?" असं विचारू द्या. चाळीस मीटर चालूनही शिंपला असलेला प्राणीसुद्धा भेटत नाही, आणि हे पायांना कळतं. आकडे सांगून जे होत नाही ते इथे होतं.

रंगीत मेणाचे खडू किसून, दाबून, ऊब देऊन आणि शेवटी वितळवून तीन प्रकारचे खडक (गाळाचे, रूपांतरित आणि अग्निजन्य) दाखवण्याचा प्रयोगही चांगला आहे. त्यात एकच सांभाळा: रूपांतरित खडक होताना खडक वितळत नाही, घट्ट स्थितीतच उष्णतेने आणि दाबाने बदलतो. मेण वितळलं तर ती अग्निजन्य पायरी झाली.

आणि सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी. प्रत्येक पालक तो मागतो. माझं मत असं की तो करायचाच असेल तर करा, पण त्यातलं खरं किती ते सांगा. ज्वालामुखीतही वायूच उद्रेकाला जोर देतात, एवढंच त्यात खरं. ज्वालामुखी आम्ल आणि सोड्याने फुटत नाही. त्यापेक्षा तिरक्या ताटलीवर पातळ आणि घट्ट गोंद ओतून दाखवा. पातळ लांबवर पसरतो, घट्ट जागीच ढीग करतो. मग हवाईमधल्या मौना लोआचा ढालीसारखा पसरट डोंगर आणि जपानमधल्या फुजीचा उभा शंकू यांची चित्रं दाखवून विचारा, कुठला लाव्हा पातळ असेल?

८. पहिली सहल

पहिली सहल डोंगरात नेऊ नका. दगडी इमारती, पायऱ्या आणि फरश्या बघत एक फेरी मारा. तिथे दगड धुतलेले, कापलेले, पॉलिश केलेले असतात. ग्रॅनाइटचे कण, संगमरवराच्या शिरा, वालुकाश्मातले थर स्पष्ट दिसतात, आणि चुनखडकाच्या फरशीत कधी गोल गुंडाळलेल्या शंखाचा छेद पायाखालीच सापडतो. हातोडा लागत नाही, दगड घरी न्यायचा प्रश्न येत नाही. भिंग, वही आणि वाहनांकडे लक्ष एवढं पुरे.

दुसरी सहल नदीकाठच्या किंवा किनाऱ्यावरच्या गोट्यांची. टोकदार आणि गोलसर असे दोन ढीग करायला सांगा आणि कुठला दगड जास्त लांबून आला असेल ते विचारा. जाण्यापूर्वी तुम्ही स्वतः जागा बघून आलेली असली पाहिजे. पाणी अचानक वाढतं का, भरती कधी, वर धरण आहे का, सावली कुठे, सगळं.

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कड्याच्या पायथ्याशी थांबायचं नाही, सैल दगड वरून येतात. चालू खाणीत जायचं नाही. बंद खाणीतही नाही, तिथल्या भिंती आणि साचलेलं पाणी फसवं असतं. दगडाखाली हात घालायचा नाही. पायाने किंवा काठीने उलटायचा, खाली कोण राहतं ते बघायचं आणि दगड होता तसा ठेवायचा. निघताना, थांबताना आणि परतताना मुलं मोजायची, मोठ्याने.

हातोडा फक्त मोठ्यांच्या हातात. तोही भूशास्त्राचा हातोडा. सुताराच्या हातोडीचं तोंड खडकावर आपटलं की पोलादाची कपची उडू शकते. हातोड्यावर हातोडा कधीच मारायचा नाही. दगड फडक्यात गुंडाळून फोडा, सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असू द्या, नजरेचा साधा चष्मा चालत नाही. मुलं पाच-सहा मीटर लांब उभी राहतील. खोलीत दगड फोडणं किंवा कोरडा घासणं टाळा: क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसांना घातक आहे. घासायचंच तर ओला करून.

परवानगीबद्दल आळस करू नका. खाजगी जमिनीत मालकाची लेखी परवानगी घ्या. राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित जागांमधून काहीही उचलायचं नाही. जीवाश्मांबद्दल बऱ्याच देशांत वेगळे कायदे आहेत, त्यामुळे जीवाश्माच्या जागी जाण्याआधी तिथले नियम वाचा. परवानगी असेल तिथेही प्रत्येकाने मुठीत मावेल एवढा एकच दगड आणायचा. ही मर्यादा घातली की मुलं निवड करू लागतात आणि निवडताना नीट बघतात.

९. नोंदवही आणि संग्रह

कुठून आणला ते माहीत नसलेल्या दगडाला अभ्यासात फारशी किंमत नसते, म्हणून नोंद जागेवरच करायची. घरी गेल्यावर "हा कुठला?" हे कुणालाच आठवत नाही.

दगड धुऊन वाळवा. न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, त्यावर बारीक पेनाने क्रमांक घाला आणि वाळल्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवा. दगडावर क्रमांक असतो, नाव नसतं. वहीत त्या क्रमांकासमोर तारीख, जागा, कुणाला सापडला, खडकातून निघाला की सुटा पडलेला होता, आणि प्रत्येक चाचणीचा निकाल. नावाचा रकाना शेवटी ठेवा आणि तो पेन्सिलने भरा, कारण तो पुन्हापुन्हा खोडला जाणार आहे. चिकटवलेले कागदी लेबल दमट हवेत सुटतात. एकदा ढीगभर लेबलं सुटली की संग्रह संपला.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवायला उत्तम. पायराइट आणि मीठखडक कोरड्या, बंद डब्यात ठेवा. दमट हवेत पायराइटचे काही नमुने कुजतात आणि त्यातून येणारं आम्ल लेबल आणि डबाही खातं.

१०. "ही उल्का आहे ना?"

हा प्रश्न येणारच. उल्का, डायनोसॉरचं अंडं, सोनं, यांपैकी काहीतरी प्रत्येक क्लबात कुणीतरी आणतं, आणि आणणाऱ्याच्या डोळ्यांत खात्री असते. "नाही" म्हणून विषय संपवू नका. चाचण्या घ्या. बहुतेक उल्का चुंबक ओढतात आणि त्यांच्या आत बुडबुड्यांची भोकं नसतात. भट्टीतून निघालेली मळी जड आणि काळी असते, पण फोडली की आत भोकंच भोकं. अंड्यासारखा गोळा बहुधा एखाद्या कणाभोवती खनिजं साचून झालेली गाठ असतो. खडकाच्या फटीत नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर ती वनस्पती नसून मँगनीज ऑक्साइडची वाढ असण्याची शक्यता जास्त. मुलाला दगड उल्का नाही म्हणून वाईट वाटतं ते काही मिनिटं. मग ते स्वतःच चाचणी करून दुसऱ्याच्या दगडाचा निकाल लावायला धावतं.

तरीही सगळेच दावे खोटे ठरतात असं समजू नका. इंग्लंडमधल्या लाइम रेजिस इथे १८११ मध्ये जोसेफ ॲनिंगला एका अनोळखी प्राण्याची कवटी सापडली, आणि त्याची बहीण मेरी हिने पुढे उरलेला सांगाडा शोधून काढला. ती तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होती. तो इक्थिओसॉर, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी, निघाला. ही गोष्ट मुलांना सांगा, आणि जीवाश्म वाटणारी वस्तू सापडली तर खणायची नाही, फोटो काढून जागा टिपून ठेवायची, हेही सोबतच सांगा.

चाचण्यांनी उत्तर मिळालं नाही तर जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी पट्टी ठेवा. एक कोरड्या दगडाचा, एक ओला करून, एक ताज्या तुटलेल्या बाजूचा. सापडल्याची जागा आणि चाचण्यांचे निकाल मुलांच्याच अक्षरात जोडा. पत्रात फक्त नाव विचारू नका, "तुम्ही हे कशावरून ठरवलं?" असंही विचारा, आणि उत्तर आलं की ते पुढच्या बैठकीत दगड हातात देऊन वाचा, म्हणजे सांगितलेली प्रत्येक खूण मुलांना लगेच तपासता येईल.